दुसरी बाजू लाव

बाळ, अनेक आशीर्वाद.

रविवारी आपण मंडळी रेकॉर्ड ऐकायला जमलो आणि तू मिसळ न खाता निघालीस, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं होतं. रात्री मेसेज आला. 'काका, तीन महिन्यांत एकेचाळीस रेकॉर्डच्या कव्हरांचे फोटो सगळ्यांना पाठवले, आत्ता हे ऐकतेय म्हणून. आठवत मात्र काहीच नाही. मला जॅझ कळतं, की मी नुसती कव्हरं दाखवते?' फोनवर लिहायला माझी बोटं जाड, म्हणून हे पत्र.

आधी त्या दिवशीचं. तू माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' लावलीस, आपल्यातल्या एका शहाण्यानं विचारलं, 'ओरिजिनल आहे का?' तू ओशाळून 'नाही, नवीन छापलेली' म्हणालीस आणि अर्ध्यात सुई उचललीस. नवीन आणलीस यात काही बिघडलं नाही. सुई उचललीस तिथं चुकलीस. बाजू पुरी होऊ द्यायची, रेकॉर्ड उलटायची, दुसरी बाजू लावायची. सुईचं वजन, ब्रश, कुठल्या देशात छापलेली प्रत, हे सगळं बाकीची मंडळी तुला हौसेनं सांगतील. मला एवढं एकच येतं, आणि तेही फार उशिरा आलं.

ते 'ओरिजिनल' माझ्याकडे आहे. डोळ्यासारखी सहा चिन्हं असलेल्या जुन्या लेबलचं, अमेरिकन. 1986 साली सुट्टीच्या दिवशी पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो आणि चोरबाजारातून साठ रुपयांना उचललं. नोकरी नाशिकरोडला नोटप्रेसमध्ये, रोज कोऱ्या करकरीत नोटांच्या थप्प्या डोळ्यांसमोरून जायच्या, आणि त्या साठ रुपयांसाठी मी तीन महिने बाहेरचा चहा सोडला होता. मग काय, येईल त्याला रेकॉर्ड दाखवायचो. पहिली बाजू लावायची, पहिल्या रचनेतला तो बास ऐकवायचा, लेबल दाखवायचं, लोकांनी माना डोलावल्या की रेकॉर्ड परत कव्हरात.

तुझी काकू तेव्हा मागच्या खोलीत मुलांना पेटी शिकवायची. एकदा दारात येऊन म्हणाली, 'अहो, हे चढं बोलतंय. पेटीवर पांढरी दोनची पट्टी धरली तर हे तिच्या थोडं वर जातं. मध्ये काळी दोनवर जातात तेव्हाही तसंच.' मी म्हणालो, 'तुझी पेटी उतरली असेल.' त्यावर ती म्हणाली, 'असेल. पण मग दुसरी बाजूही चढी वाटेल. लावून बघा ना.'

समोर चार पाहुणे होते. नाही लावली. ते गेल्यावरही नाही लावली. एकवीस मिनिटांचं काम होतं. दुसऱ्या बाजूची पहिली रचना 'ऑल ब्लूज' तिच्या पांढरी पाचला नीट बसलं असतं, आणि पेटीही ठीक, प्लेअरही ठीक, गडबड त्या एका बाजूत आहे हे तिथल्या तिथं कळलं असतं. त्याऐवजी मी आधी प्लेअरचा पट्टा बदलला, मग मिस्त्री बोलावला, शेवटी मोटरचा स्क्रू फिरवून वेग उतरवला. पहिली बाजू पेटीला लागली! विजयी मुद्रेनं काकूला सांगायला गेलो, तर ती नुसतं 'बरं' म्हणाली.

त्या स्क्रूपायी घरातलं बाकीचं सगळं जॅझ, माँक असो की एलिंग्टन, मी पुढची अकरा वर्षं किंचित उतरलेलं ऐकलं. सांगणारं कुणी नव्हतं. काकूनं त्या खोलीत यायचं सोडलं होतं.

1997 साली या रेकॉर्डची सुधारलेली सीडी आली तेव्हा वाचलं. 2 मार्च 1959 ला न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना ध्वनिमुद्रित झाल्या, त्या दिवशी मुख्य टेपमशीन किंचित हळू चाललं होतं. हळू चाललेल्या टेपवर घेतलेलं योग्य वेगानं वाजवलं की सूर चढतो. दुसरी बाजू 22 एप्रिलची, ती बरोबर. जोडीला दुसरं मशीन चालू ठेवलेलं होतं, त्याच्या टेपवरून 1992 साली पहिल्यांदा ही चूक दुरुस्त झाली. म्हणजे तो शहाणा ज्या ओरिजिनलपायी नाक मुरडतो, त्याची अर्धी रेकॉर्ड चढी आहे, आणि तुझ्या नव्या प्रतीत ती बहुतेक सुधारलेली असेल. सांग त्याला. अगदी सुरुवातीच्या प्रतींच्या लेबलवर दुसऱ्या बाजूच्या दोन्ही रचनांची नावं उलटसुलट छापलेली होती. माझ्याही आहेत. कधी कळलं? 1997 साली. दुसरी बाजू वाजवलीच नव्हती, कळणार कसं!

माझं सगळंच चुकलं असं मात्र मी म्हणणार नाही. न्यूयॉर्कचा तो स्टुडिओ, माइल्स डेव्हिस, कोल्ट्रेन, बिल एव्हान्स अशी माणसं, आणि इकडे गंगापूर रोडवरच्या दोन खोल्यांतली जुनी पेटी. तू असतीस तर कुणावर संशय घेतला असतास? तेहेतीस वर्षं जग तेच ऐकत होतं. असो. हे मी काकूसमोरही बोलून पाहिलंय. ती भाजी निवडत राहते.

आणि तुझे बाबा म्हणतात ना, जॅझ आपलं नव्हे, तर त्यांना 'अलबेला' सिनेमातली जॅझच्या ढंगाची गाणी आठवतात का विचार. 1951 चा. संगीतकार सी. रामचंद्र नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, आणि ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट गोव्याचा. एवढं पुरे, त्या वादात मला रस नाही.

तर एकेचाळीस फोटो. अगं, ते फोटो काढताना रेकॉर्ड फिरत तरी होती का? महिनाभर एकही नवी घेऊ नकोस. जी आहे तिची दुसरी बाजू लाव. सुई आत सरकते तसा घेर लहान होतो, फेरे मात्र मिनिटाला तेवढेच, 33⅓. म्हणजे तितक्याच वेळाला खाच कमी मिळते आणि मोठा आवाज चिरकायला लागतो. म्हणून पुष्कळदा शांत रचना शेवटी ठेवतात. ह्या रेकॉर्डच्या दोन्ही बाजू अशाच निवत जातात. दुसरीच्या शेवटी 'फ्लेमेंको स्केचेस' आहे. त्यात ठरलेली चाल नाही. पाच स्वरमाला एकामागून एक, आणि प्रत्येकीवर वादकानं मन भरेपर्यंत थांबायचं, मगच पुढे जायचं. तू पेटीच्या तीन परीक्षा दिल्यास, तुला बढत म्हणजे राग सावकाश फुलवत नेणं काय ते सांगायला नको. अर्ध्यात सुई उचलणाऱ्याला ती कशी दिसावी? कोण किती थांबला तेवढंच मंडळींना लिही. फोटो नको.

रागावलो असेन तर सोडून दे. तो मेसेज तू मला पाठवलास, त्या शहाण्याला नाही, याचं मला बरं वाटलं.

येत्या रविवारी नऊला नको, आठलाच ये, बाकीचे यायच्या आधी. तुझीच प्रत आण. काकूला मी अजून काही विचारलेलं नाही, पण पेटी कपाटावरून खाली काढून पुसून ठेवली आहे. सुरुवात दुसऱ्या बाजूनं करू. 'मागच्या खोलीतून पांढरी पाच ऐकवा ना' हे तिला तूच सांग. माझं ती ऐकणार नाही.

तुझा,
काका