दोघांना एका ताटलीत वाढू नका

प्रश्न: आमची मांजर मनी सात वर्षांची. पंधरवड्यापूर्वी पार्किंगमध्ये भिजत बसलेलं मांजराचं पिल्लू मी घरी आणलं. पिल्लू गरीब आहे, पण मनी त्याच्यावर फिस्कारते, पंजा मारते, दिवसभर कपाटावर जाऊन बसते. एवढी लाडात वाढवली, तरी अशी जळकी कशी? दोघांना मुद्दाम एकाच ताटलीत वाढते, तर कालपासून ही नुसता वास घेऊन निघून जाते. मिस्टर म्हणतात, हिला गावी सोडून येऊ. काय करू? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: मनीच्या रागावर तुम्ही अख्खं पत्र लिहिलंत आणि ताटलीचं एका ओळीत उरकलंत. मला तीच ओळ खटकली. एका ताटात जेवलं की माया लागते, असं तुमच्या मनात असणार. माणसांत लागत असेल. या दोघांपुढे मात्र तुम्ही रोज भांडणच वाढून ठेवताय.

मांजर एकट्याने शिकार करतं आणि एकट्याने खातं. एका उंदरात दोघांचं भागत नाही. त्यात खायला मान खाली घालायची, तर वीतभरावर अनोळखी वासाचं तोंड! मनी जळकी नाही हो, घाबरलीय. दाराच्या चौकटीला, सोफ्याच्या कोपऱ्याला गाल घासून घासून तिने जे घर आपल्या वासाचं केलं, त्यात एका दिवसात परका वास शिरला आणि थेट तिच्या ताटलीपर्यंत आला.

आजच पिल्लाला बेडरूममध्ये ठेवा आणि दार लावून घ्या. त्याचं पाणी, अंथरूण, शी-शूचा ट्रे सगळं आत. बाकीचं घर मनीचं. जेवणाच्या वेळी एक ताटली दाराच्या आत, एक बाहेर, दोन्ही दारापासून चांगल्या लांब. मनी निवांत खायला लागली की रोज थोडी थोडी जवळ सरकवा. फिस्कारली की पुन्हा मागे न्या. मधूनमधून एकाचं अंथरूण दुसऱ्याच्या खोलीत टाका. दाराला लागून दोघं शांतपणे जेवू लागली, की मग फटीतून एकमेकांना दिसू द्या. याला काही आठवडे लागतील, कदाचित महिनेही. पिल्लू आतून रडेल, तुमचा जीव खालीवर होईल, तरी दार उघडून त्याला बाहेर सोडू नका. तुम्हीच आत जा आणि त्याच्याशी खेळा. त्याची तपासणी आणि लसीकरण राहिलं असेल, तर तेही याच आठवड्यात करून घ्या.

गावाचं तर नावच काढू नका. जन्म फ्लॅटमध्ये गेलेल्या मांजराला अनोळखी आवारात कुत्रं मागे लागलं, तर पळायचं कुठे हेसुद्धा कळणार नाही. मिस्टरांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

मनीच्या न खाण्याला मात्र नखरे समजू नका. दोन-तीन दिवस अन्न सुटलं तर मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि जिवावर बेततं. अंगाने भरलेल्या मांजराला हा धोका जास्त. आज रात्री तिचं आवडीचं खाणं कपाटावरच नेऊन ठेवा आणि तिथून निघून जा. सकाळी ताटली तशीच दिसली, तर दवाखाना उघडताच तिला डॉक्टरांकडे न्या.