ऱ्हेटरिक शिकायला अमेरिकेत यायचंय, पण घर तारण ठेवून नको

तू विचारलंस की दादा, जर्नालिझमचं बीए झालंय, अमेरिकेत कम्युनिकेशन अँड ऱ्हेटरिकमध्ये (ऱ्हेटरिक म्हणजे भाषण-लेखनातून लोकांना पटवून देण्याची कला) मास्टर्स करायचंय, बाबा इंदिरानगरचं घर तारण ठेवायला तयार आहेत, तर येऊ का. मी पिट्सबर्गला याच विषयात पीएचडी करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पैशाचंच बोलतो. घर अडकवून या विषयाला येऊ नकोस. इंजिनियरिंगवाल्यांना डिग्रीनंतर ओपीटीचे, म्हणजे इथे नोकरी करायच्या परवानगीचे, १२ महिने आणि वर स्टेमचे (सायन्स-टेक्नॉलॉजीच्या विषयांचे) अजून २४ मिळतात, आपल्या विषयाला बहुतेक ठिकाणी ते १२ च, तेवढ्यात नोकरी शोधून लाखांचं कर्ज फेडायचं म्हणजे जिवाला घोर. पण आपल्या विषयात टीचिंग असिस्टंटशिप असते, आणि ती भारतात फार कोणाला माहीतच नाही. इथे पहिल्या वर्षाच्या पोरांना लेखनाचा नाहीतर पब्लिक स्पीकिंगचा कोर्स असतो, ते वर्ग आपल्यासारखे लोक शिकवतात, त्याबदल्यात फी माफ आणि वर स्टायपेंड. पीएचडीला बहुतेक चांगल्या ठिकाणी मिळते, मास्टर्सला मोजक्याच, म्हणून यादी करताना रँकिंग नको, हे बघ. काही ठिकाणी बीएनंतर थेट पीएचडीलाही घेतात. फक्त तुझं बीए तीन वर्षांचं आहे, ते चालतं का हे आधी मेल टाकून विचार.

दुसरं म्हणजे डिपार्टमेंट. १९१४ साली भाषणकला शिकवणारे प्राध्यापक इंग्लिशवाल्यांच्या संघटनेतून बाहेर पडले, तेव्हापासून हा विषय दोन घरांत वाटला गेलाय. आमच्या गावातच बघ, कार्नेगी मेलनला ऱ्हेटरिक इंग्लिश डिपार्टमेंटमध्ये आणि चालत जाण्याच्या अंतरावर पिट युनिव्हर्सिटीत ते कम्युनिकेशनमध्ये. पहिल्याचा कल लेखनाकडे जास्त, दुसऱ्याचा भाषणं आणि सार्वजनिक वादांकडे. तुला भाषणांवर काम करायचंय तर नुसतं कोर्सचं नाव बघून अप्लाय करू नको, तिथले प्रोफेसर कशावर लिहितात ते वाच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रायटिंग सँपल, म्हणजे अर्जासोबत द्यायचा आपल्या लेखनाचा नमुना. तू अमेरिकन इलेक्शनच्या भाषणांवर लिहिणार म्हणालीस, ते इथली शेकडो पोरं लिहितात गं. तू नाशिकची आहेस, काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांची घोषणा, हिंदू म्हणून जन्माला आलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. नीट बघ, अर्धं वाक्य आपल्या हातात नसलेल्या गोष्टीचं आणि अर्धं पक्क्या निश्चयाचं, आणि कुठल्या धर्मात जाणार ते सांगितलेलंच नाही. दीक्षा १९५६ ला, म्हणजे तब्बल २१ वर्षांनी, मग तोवर ते एक वाक्य लोकांना कसं धरून ठेवतं? हा अस्सल ऱ्हेटरिकचा प्रश्न आहे, आणि त्यावेळचं मराठी तू मुळातून वाचू शकतेस, इथल्या किती जणांना ते जमणार? बाबासाहेब कोलंबिया युनिव्हर्सिटीत जॉन ड्यूई या अमेरिकन तत्त्वज्ञांकडे शिकले होते, त्यामुळे इथल्या ऱ्हेटरिकवाल्यांमध्येही त्यांच्यावर काम करणारे आहेत. मला विचारशील तर अॅप्लिकेशनमध्ये सगळ्यात जास्त वेळ यालाच दे.

बाकी, डेडलाइन डिसेंबर-जानेवारीत असतात. टोफेलचा (इंग्रजीची परीक्षा) स्पीकिंगचा स्कोर वेगळा बघतात कारण वर्ग शिकवायचा असतो. फंडिंगची ऑफर आली की लगेच हो म्हणायची घाई नको, बहुतेक ठिकाणी १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो. सँपलचा कच्चा ड्राफ्ट दिवाळीच्या आधी पाठव, वाचून कळवतो.