प्रोस्टेट वाढल्यामुळे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया सुचवली आहे. नंतर नेमके काय होते?

या शस्त्रक्रियेत पोटावर छेद घेतला जात नाही. मूत्रमार्गातून दुर्बीण आत नेऊन, लघवीची वाट अडवणारा प्रोस्टेटचा आतला भाग खरवडून काढला जातो, आणि त्यासाठी बहुधा कमरेखालची भूल पुरते. त्यानंतर साधारण १ ते ३ दिवस लघवीची नळी ठेवतात.

नळी काढल्यावर धार लवकर सुधारते, पण जळजळ आणि घाईची लघवी काही आठवडे राहू शकते. लघवीत थोडे रक्त दिसणे अपेक्षितच असते. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास खपली सुटल्याने ते पुन्हा दिसले तर घाबरू नये. मात्र गुठळ्या पडल्या, लघवी अडली किंवा ताप आला, तर तातडीने रुग्णालय गाठावे. ४ ते ६ आठवडे जड वजन उचलू नये आणि शौचाला जोर लावू नये.

एक गोष्ट संकोचामुळे अनेकदा बोललीच जात नाही: बहुतेक पुरुषांमध्ये यानंतर वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते. ते अपायकारक नाही आणि लैंगिक ताठरता सहसा टिकते. तरीही अपत्याची इच्छा असल्यास हे आधीच विचारावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर तेही अवश्य सांगावे.