पोरीला कराटे लावू का, असं विचारणाऱ्या वडिलांना

वसमतहून एका वडिलांनी लिहिलंय. मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झाली, आता सायकियाट्रिक नर्सिंगमधे, म्हणजे मनोरुग्णांच्या नर्सिंगमधे, एम.एस्सी. करायचं म्हणते. शिकताना पोस्टिंगला एका पेशंटनं तिला चापट मारली होती, घरी सांगितल्यावर सगळे "तरी आम्ही सांगत होतो" म्हणाले, तेव्हापासून ती वॉर्डातलं काहीच बोलत नाही. तिला कराटे लावू का सरळ सरकारी भरतीकडे वळवू, असा प्रश्न आहे.

दादा, चापटीपेक्षा लेकरू बोलायचं बंद झालं ह्याचीच मला जास्त काळजी वाटली. मार तिनंच खाल्ला आणि घरी येऊन बोलणीपण तिनंच खाल्ली, मग पुढच्या वेळी कशाला सांगेल ती? आणि ह्या कामात लपवणं फार घातक असतं, एका सिस्टरनं धक्काबुक्की गिळून टाकली की पुढच्या शिफ्टची त्याच पेशंटजवळ बेसावध जाते. चापट असो, शिवी असो, इन्चार्जला सांगायचं आणि लेखी नोंद करायचीच. ही सांगायची सवय तुमच्या घरातच मोडायला लागलीय, स्पष्टच बोलतो.

मनोरुग्ण म्हणजे मारकुटा, हे डोक्यातून काढा. बहुतेक पेशंट कुणावर हात उगारत नाहीत. जो उगारतो तो बऱ्याचदा घाबरलेला असतो, कानात आवाज येत असतात, दारू सुटताना भ्रमात असतो, नाहीतर घरी फोन लावून द्या म्हणून सकाळपासून मागे लागलेला असतो आणि कुणी धड उत्तर दिलेलं नसतं. आधी चिन्हं दिसतात बहुतेकदा, येरझारा, चढलेला आवाज, आदळआपट. नॉर्वेत बनलेल्या ब्रोसेट चेकलिस्टमधे अशा 6 गोष्टी बघून पुढच्या 24 तासांचा अंदाज घेतात. मग एकानंच बोलायचं, हळू आणि थोडक्यात, हात पोचणार नाही इतकं लांब उभं राहून, दाराची वाट दोघांनाही मोकळी ठेवून. कराटेचा इथं काय उपयोग? पकडलेला हात इजा न करता सोडवून घ्यायचं वेगळं ट्रेनिंग असतं, ते मिळालं पाहिजे. आणि पेशंटला बांधून ठेवणं हा उपाय नाही, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं शिक्षा म्हणून किंवा स्टाफ कमी आहे म्हणून बांधायला मनाई आहे.

स्टाफ नर्सची भरती खुशाल देऊ द्या, पण कॅज्युअल्टीत नातेवाईक अंगावर येतातच, त्यासाठीच तर राज्यात 2010 चा कायदा आहे, 3 वर्षांपर्यंत कैदेचा.

कॉलेज किंवा नोकरी बघताना पगाराआधी विचारा, रात्री वॉर्डात किती जण असतात, मदतीला बोलवायची बेल आहे का, मारहाण झाली तर पुढं काय करतात. त्याच्याही आधी पोरीजवळ बसून एवढंच विचारा, त्या दिवशी तुझ्यासोबत कोण होतं? तिला मधे तोडू नका. एकटीच होते म्हणाली तर चूक तिची नाही, शिकाऊ पोरीला एकटं सोडणाऱ्यांची आहे, आणि हे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या.