कतारची राजधानी दोहा येथे एक संध्याकाळ मिळत असेल, तर वयस्कर आईवडिलांना कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या फिरण्याच्या रस्त्यावर, न्यावे का?

अवश्य न्यावे, मात्र त्याचे सातही किलोमीटर चालण्याचा हट्ट धरू नये. मी नोकरीनिमित्त दोहा येथे काही वर्षे राहिलो आणि घरून येणाऱ्या प्रत्येकाला प्रथम तेथेच नेत असे.

बहुतेक पाहुणे टॅक्सीने थेट वेस्ट बेच्या उंच काचेच्या इमारतींपाशी उतरतात. मला ते पटत नाही, कारण हा किनारा चंद्रकोरीसारखा वळलेला असल्यामुळे त्या इमारतींचा खरा देखावा पायथ्याशी नव्हे, तर समोरच्या टोकावरून दिसतो. म्हणून मेट्रोने सूक वाकिफ या जुन्या बाजाराच्या स्थानकावर उतरावे आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी धाऊ बंदराकडे सावकाश चालत जावे. धाऊ म्हणजे तिकडची लाकडी गलबते. काठावर शेजारी शेजारी बांधलेली ही गलबते पाण्याबरोबर हलली की दोरखंड करकरतात आणि सुकत घातलेल्या जाळ्यांचा वास येतो; आपल्या कोकणातल्या माणसाला तो ओळखीचा वाटल्याशिवाय राहणार नाही.

जवळच उघडलेल्या शिंपल्यात मोती असलेले मोठे कारंजे आहे. तेल सापडण्यापूर्वी हा देश मोत्यांवर जगत होता, ते मोती मुंबईच्या बाजारात येत आणि जपानी संवर्धित मोत्यांमुळे तो धंदा बुडाला, हे मी तेथे वडिलांना सांगितले. कतारमध्ये १९६६ पर्यंत आपल्या रिझर्व्ह बँकेने काढलेला रुपया चालत असे, हे कळल्यावर तर बँकेत आयुष्य घालवलेले माझे वडील कठड्याला टेकून बराच वेळ बोलत राहिले. तेवढ्यासाठी तरी वडीलधाऱ्यांना तेथे न्यावे, असे मला मनापासून वाटते.

पुढे २००८ मध्ये उघडलेले इस्लामी कला संग्रहालय आहे. पुढेमागे शेजारच्या इमारतींनी ते झाकले जाऊ नये, म्हणून वास्तुरचनाकार आय. एम. पेई यांनी त्यासाठी समुद्रात स्वतंत्र बेट मागून घेतले. त्याच्या बागेत हिरवळीवर बसून समोरचे दिवे लागताना पाहावेत.

नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. उन्हाळ्यात मात्र सूर्यास्तानंतरही दमट उष्म्याने ज्येष्ठांना त्रास होतो. परतताना सूक वाकिफमध्ये 'करक' चहा घ्यावा. तो शब्द आपल्या 'कडक'चाच आहे.