जर्मन पिल्सनर ही फिकट रंगाची बिअर चाखताना ती चांगली आहे की नाही, हे कशावरून ठरवावे?

घोट गिळल्यानंतर जीभ कोरडी व स्वच्छ वाटली आणि हॉप्सचा (बिअरमध्ये घातल्या जाणाऱ्या कडू, सुगंधी फुलांचा) कडवटपणा घशाशी न टोचता काही क्षण रेंगाळला, तर ती जर्मन पिल्सनर चांगली समजावी. बिअर-परीक्षकांना प्रमाणित करणाऱ्या 'बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम' या संस्थेच्या 2021 च्या निकषांनुसार या प्रकारात कडवटपणा 22 ते 40 आयबीयू (कडवटपणा मोजण्याचे एकक) आणि मद्यार्क 4.4 ते 5.2 टक्के असावा लागतो. रंग फिकट पिवळा, द्रव आरपार दिसेल इतका नितळ आणि फेस पांढरा व टिकाऊ असणे अपेक्षित असते. वास मात्र ओतल्याबरोबर, फेस बसण्यापूर्वीच घ्यावा, कारण हॉप्सचा फुलांसारखा, किंचित मसालेदार वा वनस्पतींसारखा सुगंध लवकर उडून जातो. त्याखाली धान्याचा, ताज्या पावासारखा सौम्य गोडवा जाणवला पाहिजे. माझ्या मते खरी परीक्षा येथेच होते, कारण इतक्या हलक्या बिअरमध्ये कोणताही दोष लपत नाही. लोण्यासारखा वास डायअसिटिल या आंबवताना तयार होणाऱ्या संयुगाची, उकडलेल्या मक्यासारखा ठळक वास डीएमएस या गंधकयुक्त संयुगाची आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव जुनेपणाची खूण असते. गंधकाची अगदी पुसट छटा मात्र दोष मानू नये, ती लागर यीस्टमुळे (थंड तापमानात बिअर आंबवणाऱ्या यीस्टमुळे) येऊ शकते. हे निकष चेक पिल्सनरला जसेच्या तसे लावू नयेत. तिच्यातील माल्टची (अंकुरवून वाळवलेल्या धान्याची) चव अधिक भरदार असते आणि तिच्यात लोण्याची थोडी झाकही चालते.