वाचक विचारतात : कॅन्सर वॉर्डातली ड्यूटी

मुलगी जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) शेवटच्या वर्षाला आहे. कॅन्सर रुग्णालयातच काम करायचं म्हणते. वेगळं शिकावं लागेल का? (एक पालक, बार्शी)

नोकरीसाठी तशी सक्ती नाही. परीक्षा पास होऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी हातात आली की कॅन्सर वॉर्डात लागता येतं. पुढे ऑन्कॉलॉजी नर्सिंगचा, म्हणजे कॅन्सर रुग्णांच्या शुश्रूषेचा, १ वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये तो चालतो. पण घाई नको. आधी वर्षभर साध्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात हात बसू दे. नाजूक शीर पहिल्या टोचणीत सापडणं हे डिप्लोमाच्या वर्गात कोणी शिकवत बसत नाही.

मुलाखतीला गेल्यावर तिनं एक प्रश्न जरूर विचारावा : केमोची औषधं कुठे तयार करता? उत्तर ‘बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये’ (औषधाचे कण अंगावर येऊ न देणाऱ्या खास कपाटात) असं आलं तर ठीक. वॉर्डातल्या टेबलावर, पंख्याखाली तयार करत असतील तर पगार कितीही असो, दुसरी जागा बघावी.

डे-केअरला नवीन आहे. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध देताना शिरेजवळ फुगलं, मी घाबरून कॅन्युला (शिरेत बसवलेली बारीक नळी) काढून टाकली. सीनियर सिस्टर फार रागावल्या. माझं नेमकं काय चुकलं? (एक परिचारिका, नाशिक)

कॅन्युला काढली, तिथेच चुकलं. शिरेबाहेर गेलेल्या औषधातलं थोडं तरी त्याच वाटेनं परत ओढता येतं. कॅन्युला निघाली की ती वाट गेली.

पुन्हा असं झालं तर आधी औषध थांबवा. नळी सोडवा, कॅन्युला जागच्या जागी राहू द्या आणि रिकामी सिरिंज लावून हळू ओढा. फ्लश मारायचा नाही (नळीतून सलाईन ढकलायचं नाही), फुगलेली जागा दाबायची नाही. दोन्हींमुळे औषध आणखी पसरतं. ओढून झालं की मगच कॅन्युला काढा. फुगवट्याची कड पेनानं आखा, वेळ लिहा, डॉक्टरांना बोलवा, हात उशीवर उंच ठेवा. डॉक्सोरुबिसिनसाठी थंड शेक, एका वेळी १५ ते २० मिनिटं, दिवसातून ४ वेळा. बर्फ कातडीला थेट लावू नका, कापडात गुंडाळा. व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं दुसरं औषध असेल तर नेमकं उलटं, म्हणजे गरम शेक. दोन्हींची गल्लत झाली तर इजा वाढते, म्हणून हा फरक औषधाच्या ट्रॉलीवर चिकटवून ठेवलेला बरा. डेक्सराझोक्सेन हा उतारा द्यायचा ठरला तर पहिला डोस ६ तासांच्या आत जावा लागतो. त्यामुळे ‘सकाळी राउंडला सांगू’ असं म्हणायची सोय नाही.

एवढा बाऊ का, तर डॉक्सोरुबिसिन पेशींच्या डीएनएला चिकटतं. ती पेशी मेली की सुटून शेजारच्या पेशीत शिरतं. पहिल्या दिवशी नुसती लाली दिसते आणि दोन-तीन आठवड्यांनी तिथेच खोल जखम झालेली असते.

खरं तर निम्मं काम शीर निवडतानाच होतं. मनगट आणि कोपराची खोबण टाळा. स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या बाजूचा हात टाळा. कालची कॅन्युला वापरू नका. सिरिंजनं देताना दर २ ते ५ मिलीनंतर रक्त परत येतंय का ते पाहा. आणि सुरू करण्याआधी सांगा, ‘मावशी, जरा जरी चुणचुणलं तरी लगेच हाक मारा.’ आपल्याकडची माणसं ‘औषध आहे, जळणारच’ म्हणत गप्प सोसतात. हे वाक्य तुम्ही बोलला नाहीत तर ती हाक येत नाही.

(शिरेवर नुसती लाल रेघ उठली, खाज आली, पण सूज नाही आणि रक्त छान परत येतंय, तर बहुधा ती शिरेची तात्पुरती प्रतिक्रिया असते. तरी थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.)

घरचे म्हणतात, ‘आजोबांसमोर कॅन्सर म्हणू नका, गाठ म्हणा.’ आजोबा रात्री दोन वाजता मलाच विचारतात. काय बोलावं? (एक ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक, सांगली)

खोटं बोलू नका आणि सगळं एका दमात सांगूही नका. खुर्ची ओढून बसा. सलाईनच्या स्टँडकडे बघत दिलेलं उत्तर त्यांना बरोबर कळतं. विचारा, ‘आजोबा, डॉक्टर काय म्हणाले? तुम्हाला स्वतःला काय वाटतं?’ बहुतेकांना अंदाज आलेला असतो. सविस्तर जाणून घ्यायचं असेल तर सकाळी डॉक्टरांशी गाठ घालून देतो म्हणा, आणि ते हँडओव्हरमध्ये, म्हणजे ड्यूटी पुढच्याकडे सोपवताना, नक्की सांगा. घरच्यांनाही स्पष्ट करा : ‘मी आपणहून विषय काढणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटंही सांगणार नाही.’

आणखी एक. त्या वेळी दुखतंय का, हेही विचारा. साध्या मॉर्फिनचा असर ४ तासांचा. दहाची गोळी दोनला उतरते आणि माणूस जागा होतो. झोपतानाचा डोस दुप्पट करायची पद्धत आहे, डॉक्टरांकडून तशी ऑर्डर घ्या. मॉर्फिनबरोबर पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध लिहिलंय ना, तेही बघा.

तोंडाच्या कॅन्सरची उघडी जखम आहे. वासामुळे नातवंडं जवळ येत नाहीत. (एक सून, जालना)

वास जखमेतल्या जंतूंचा असतो, अस्वच्छतेचा नव्हे. हे आधी घरात सांगा. डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडाझोलच्या (जंतू मारणाऱ्या औषधाच्या) गोळ्यांची बारीक पूड, जखम सलाईननं धुतल्यावर, वर पसरतात; काही दिवसांत फरक पडतो. जुनी पट्टी ओढू नका, सलाईननं पूर्ण भिजवून सैल झाली की काढा, नाहीतर रक्त येतं. दुखण्याची गोळी ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी. मानेजवळ जखम असेल तर उशाशी गडद रंगाचे दोन टॉवेल ठेवा. अचानक रक्त वाहिलं तर ते दाबून धरायला हाताशी असतात, आणि पांढऱ्या कापडावर दिसतं तसं लालभडक रुग्णाला दिसत नाही. त्या वेळी कोणाला फोन करायचा, तो नंबरही आजच लिहून ठेवा.